इंग्रजी इन आणि पैसे मोजणारा पाहुणा

इंग्रजी वाङ्मयाच्या आमच्या तासाला एक लहानसा शब्द दरवर्षीं अडतो. ‘इन’ हा तो शब्द. चॉसरचे यात्रेकरू साऊथवर्कच्या टॅबर्डमध्यें जमतात, फॉल्स्टाफ विंडसरच्या गार्टरमध्यें तळ देतो, पिकविक आणि त्याचे शिष्य तर अर्धी कादंबरी अशाच घरांतून घालवितात. आणि प्रत्येक वेळीं वर्गांतला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘सर, ही धर्मशाळा, खाणावळ कीं गुत्ता?’ तिन्हींचा थोडथोडा अंश त्यांत आहे, असें सांगून आम्ही पुढें जातों. परंतु तें उत्तर पुरें नाहीं. धर्मशाळेंत पैसे पडत नाहींत. खाणावळींत निजावयास मिळत नाहीं. गुत्त्यांत भला मनुष्य बायकामुलांसह जात नाहीं. इनमध्यें पांथस्थानें पैसे मोजावे, जेवावें, प्यावें, निजावें, आणि तरीहि त्याचें स्वागत घरच्या पाहुण्यासारखें व्हावें अशी अपेक्षा असते. पैसा आणि पाहुणचार हीं दोन्हीं एकाच पानांत वाढावयाचीं, ही या घराची मुळांतली विसंगति. आणि त्याविषयीं इंग्रजींत जें विपुल वाङ्मय झालें आहे त्याचा खरा विषयहि तीच. परंतु या वाङ्मयांतील जीं पुस्तकें नेहमीं वाखाणलीं जातात त्यांत ही विसंगति झांकलेली असते, आणि ज्यांत ती उघडी पडते तीं मागें राहतात. हा न्याय थोडा फिरवावा, एवढाच आमचा हेतु आहे.

इनच्या स्तुतीसाठीं सर्वांत अधिक वेळां साक्षीस बोलावला जाणारा मनुष्य म्हणजे डॉक्टर जॉन्सन. सन १७७६ च्या मार्च महिन्यांत तो व बॉस्वेल ऑक्सफर्डहून पुढें जात असतां ऑक्सफर्डशायरांतील चॅपेल हाऊस येथील इनमध्यें जेवले. जेवण उत्तम झालें. आणि जेवणावर जॉन्सननें जें भाष्य केलें तें बॉस्वेलनें लिहिलेल्या चरित्रामुळें अमर झालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दुसऱ्याच्या घरीं कितीहि सुबत्ता असो, तेथें पाहुणा मोकळा होऊं शकत नाहीं. यजमानाला पाहुण्याच्या सुखाची काळजी, पाहुण्याला यजमानाच्या मर्जीची. इनमध्यें मात्र तुम्ही जितकी तसदी द्याल, जितके जिन्नस मागवाल, तितके तुम्ही अधिक प्रिय. कारण नोकरांच्या धांवपळीच्या पाठीशीं बक्षिसीची आशा असते. आमच्याकडील पंगतींत ‘नको, नको’ म्हणत असतां पानांत पडलेल्या दोन जिलब्या ज्यानें निमूटपणें गिळल्या आहेत, आणि वर ‘कांहींच जेवलां नाहींत!’ हा ठपका ऐकून घेतला आहे, त्याला या म्हणण्यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. आग्रह प्रेमाचा असला तरी तो अंमलच. पैसे मोजणाऱ्यास आग्रह नाहीं, उपकार नाहीं, आणि परतफेडीचें आमंत्रणहि नाहीं.

हॅझ्लिटनें हाच विचार अधिक काव्यमय केला. प्रवासाला निघण्यावरील त्याचा निबंध १८२२ सालचा. त्यांत तो सांगतो कीं १० एप्रिल १७९८ रोजीं वेल्समधील लांगोलेनच्या इनमध्यें शेरीची बाटली व थंड कोंबडी पुढें घेऊन तो रूसोची ‘नवी एलोईज’ वाचीत बसला होता. तो त्याचा विसावा वाढदिवस होता. अशा घरांत आपलें नांव, धंदा, लौकिक सारें गळून पडतें, आपण कोण हें कोणी विचारीत नाहीं, आणि जगाचें आपणांवर देणें राहतें तें फक्त त्या संध्याकाळच्या जेवणाचें, या कल्पनेचा त्याला कोण आनंद! निबंध सुंदर आहे; आम्हीं तो अनेकदां शिकविला आहे आणि अजून कंटाळलों नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण कोण हें विसरण्याचें सुख ज्याला दारांत कोणी अडवीत नाहीं त्यालाच मिळतें. जॉन्सन गाडींतून उतरला होता. हॅझ्लिट पायीं हिंडत होता खरा, पण तोंवर कवींनीं आणि तरुण विद्वानांनीं पायीं हिंडण्यास थोडी प्रतिष्ठा आणिली होती.

जॉन्सनच्या सिद्धांताची उलट बाजू त्याच्याच मित्रानें तीन वर्षें आधीं रंगभूमीवर दाखवून ठेविली होती, आणि गंमत अशी कीं तें नाटक जॉन्सनलाच अर्पण केलेलें आहे. गोल्डस्मिथच्या ‘शी स्टूप्स टु काँकर’ (१७७३) मध्यें टोनी लम्प्किन हा खट्याळ पोरगा ‘थ्री पिजन्स’ नांवाच्या दारूच्या दुकानांत बसलेला असतां वाट चुकलेल्या दोन तरुणांस आपल्या सावत्र बापाचें घर हें एक इन आहे म्हणून सांगतो. पुढें जें होतें तें सर्वांस ठाऊक आहे. मार्लो हा तरुण कुलीन स्त्रियांपुढें तोंड उघडूं शकत नाहीं इतका लाजाळू. पण यजमान हा इनचा मालक आहे असें एकदां मनानें घेतल्यावर त्याची जीभ सुटते. तो हार्डकॅसलच्या गोष्टी मध्येंच तोडतो, रात्रीच्या जेवणाचे पदार्थ काय काय म्हणून यादी मागतो, त्यांत खोड्या काढतो, नोकरांस यथेच्छ पिण्यास सांगतो, आणि यजमानानें संतापून घराबाहेर काढलें तेव्हां म्हणतो काय, तर बिल आणा! प्रेक्षक हंसतात. परंतु त्या हंसण्यांत एक अतिशय कडू निरीक्षण दडलेलें आहे. घर तेंच, म्हातारा तोच, शेगडीतला विस्तव तोच. बदललें काय, तर आपण पैसे देणार आहोंत ही पाहुण्याची समजूत. तेवढ्यानें सभ्य मनुष्य उद्धट होतो. जॉन्सनला जी मोकळीक वाटली ती दुसऱ्या बाजूनें पाहिली तर अशी दिसते.

परंतु ज्या पुस्तकासाठीं आम्हीं हा लेख हातीं घेतला तें इंग्रज मनुष्याचें नव्हे. कार्ल फिलिप मोरिट्झ हा पंचविशींतला जर्मन शिक्षक १७८२ सालीं इंग्लंडांत आला, आणि खिशांत मिल्टनचें ‘पॅरडाइज लॉस्ट’ घालून पायींच देश पाहण्यास निघाला. आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें त्यानें हा प्रवास १७८३ त प्रसिद्ध केला. १७९५ त तो इंग्रजींतहि आला. मोरिट्झपाशीं पैसे होते. फार नव्हते, पण जेवणाचे आणि बिछान्याचे होते. नव्हता तो घोडा. त्या काळीं इंग्लंडांत चांगल्या कपड्यांतला मनुष्य पायीं चालतो म्हणजे तो भिकारी तरी असावा किंवा फरारी तरी, अशी इनवाल्यांची दृढ समजूत होती. ईटनमध्यें त्याला जी खोली दाखविली ती कैद्याच्या कोठडीसारखी, आणि दुसरी मागितली तर वाट धरण्यास सांगितलें. पूल ओलांडून तो विंडसरला परतला. तेथें वाढप्यानें कपाळाला आठ्या घालून वाढलें, मोलकरणीनें तोंड वांकडें केलें. सकाळीं निघतांना मात्र तोच वाढपी जिन्यांत उभा राहून आपली आठवण ठेवा म्हणूं लागला. मोरिट्झनें त्याच्या हातावर दीड पेनी ठेविली आणि मोबदल्यांत एक सणसणीत शिवी घेतली. दारांत मोलकरीण, तिचीहि तीच विनंति. तिला त्यानें उत्तर दिलें कीं तुझ्या वागणुकीची आठवण मला चांगली राहील, आणि कांहीं न देतां तो चालता झाला. हा प्रसंग वाचतांना हंसूं येतें, पण लेखकाला तेव्हां हंसूं आलें नसावें हेंहि कळतें. मोरिट्झच्या गद्याचा गुण हाच. तो रडत नाहीं, रागावून देशावर फतवे काढीत नाहीं. किती पैसे घेतले, कोणत्या खोलींत बसविलें, कोण काय बोललें, एवढेंच सांगतो.

यानंतर येतें नेटलबेड. हेंहि खेडें ऑक्सफर्डशायरांतच. जॉन्सन जेथें जेवला त्याच परगण्यांतील, आणि काळहि अवघ्या सहा वर्षांनंतरचा. संध्याकाळीं थकून गेलेल्या मोरिट्झनें गांवांतल्या इनमध्यें बिछाना मिळेल का म्हणून विचारलें, आणि आश्चर्य हें कीं ‘हो’ असें उत्तर आलें. त्याला स्वयंपाकघरांत शिपाई व मोलकरणी यांच्या पंक्तीस बसविलें. इंग्रजी स्वयंपाकघर त्यानें प्रथमच आंतून पाहिलें: घांसून लखलखीत केलेलीं भांडीं, छताला टांगलेले मांसाचे तुकडे, मध्यें पेटलेली चूल. तो त्या देखाव्यावर इतका खूष झाला कीं पंक्तीचा कमीपणा त्याच्या मनालाहि शिवला नाहीं. दुसरे दिवशीं रविवार होता. त्यानें धुतलेला सदरा काढून अंगांत घातला आणि खालीं आला, तों त्याची रवानगी स्वयंपाकघरांतून दिवाणखान्यांत झाली. आणि रात्रीं ज्याला ‘मास्टर’ म्हणून हांक मारीत होते, म्हणजे शेतकरी-कष्टकऱ्यास मारावी तशी, त्याला आतां सगळे ‘सर’ म्हणूं लागले. एका सदऱ्याची ही किंमत! मोरिट्झ हें नोंदतो आणि पुढें जातो. तक्रार करीत नाहीं कीं टोमणा मारीत नाहीं. त्या खेड्यावर त्याचा असा जीव जडला कीं निघतांना तो तीनदां परत फिरला. आमच्या मतें इनविषयीं लिहिलेल्या साऱ्या इंग्रजी निबंधांतून जें समजत नाहीं तें या दोन-चार पानांतून समजतें. येथें चांगुलपणा खरा आहे, विस्तव खरा आहे, बिछाना स्वच्छ आहे. आणि त्याच वेळीं माणसाची पारख त्याच्या सदऱ्यावरून चालली आहे. दोन्हीं एकाच छपराखालीं.

मोरिट्झच्या चाळीस वर्षें आधीं फील्डिंगनें हें सर्व ओळखलें होतें. ‘जोसेफ अँड्रूज’ (१७४२) मध्यें दरवडेखोरांनीं लुटून नागवा केलेला जोसेफ खंदकांत विव्हळत पडलेला आहे. गाडी येते. आंतील बाईसाहेबांस नागव्या मनुष्याची लाज वाटते, वकिलास भय कीं हा मेला तर चौकशी आपल्यामागें लागेल. अंगरखा देतो तो गाडीचा पोरगा. जोसेफला इनमध्यें आणतात. तेथें मालक टो-वाऊझ हा जरा मऊ मनाचा, तो आपला एक सदरा देऊं करतो. पण मालकीण असा तोंडाचा पट्टा सोडते कीं सदरा जागच्या जागीं राहतो. शेवटीं मोलकरीण बेटी ही आपल्या ओळखीच्या मोतद्दाराकडून एक सदरा मागून आणते. हा तरुण कोणी बऱ्यापैकीं दिसतो अशी शंका येतांच मालकिणीचा सूर उतरतो, हें सांगावयास नकोच. याच कादंबरींतील पार्सन अॅडम्स हा विद्वान आणि भोळा. त्याच्या खिशांत पैसा टिकत नाहीं. तो टो-वाऊझकडे तीन गिनी उसन्या मागतो आणि तारण म्हणून काय देऊं करतो, तर स्वतः लिहिलेल्या प्रवचनांच्या नऊ खंडांपैकीं एक! पुढें दुसऱ्या एका इनमध्यें बिल तुंबतें. तेव्हां शेजारचा श्रीमंत धर्मोपदेशक हात झाडतो, आणि एक फिरता फेरीवाला आपल्याजवळ होतें नव्हतें तें काढून देतो. तिसऱ्या ठिकाणीं गोड बोलणारा एक जमीनदार सर्वांस जेवण, घोडे, बिछाने यांचें वचन देऊन गायब होतो. आणि त्या इनचा मालक, ज्याला याच गृहस्थाचे गुण पूर्वीं कळलेले असतात, तो हंसून म्हणतो कीं बिल राहूं द्या, तुम्ही द्याल तेव्हां द्या.

फील्डिंगच्या कलेचें मर्म आम्हांस येथें दिसतें. त्याच्या प्रत्येक इनमध्यें एक क्षण असा येतो कीं पैसे संपतात, आणि मग कोण काय करतो तें पाहण्यास तो आपणांस बसवितो. जॉन्सन व हॅझ्लिट यांच्या इनमध्यें हा क्षण कधीं येतच नाहीं. म्हणून त्यांत सुख आहे, पण माणसें नाहींत. मालक, वाढपी, मोलकरीण हीं त्यांच्या पानांत केवळ हात आहेत, थाळी आणून ठेवणारे. बेटीला मात्र चेहरा आहे.

डिकन्सविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों, कारण त्याच्या इनविषयीं लिहिणारांची वाण कधींच पडली नाहीं. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ सालचे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांमधील आगगाडी १८३० पासूनच धांवूं लागली होती, आणि घोड्यांच्या गाड्यांवर जगणारीं हीं घरें लवकरच ओस पडणार हें स्पष्ट होतें. म्हणून या कादंबरींतील भाजलेल्या मांसाच्या वासांत निरोपाचा वास मिसळला आहे. तरीहि डिकन्स आंधळा भक्त नाहीं. इप्सविचच्या ‘ग्रेट व्हाइट हॉर्स’चे अंधारे बोळ, उशिरां येणारें जेवण आणि महागडी पण वाईट दारू यांचें त्यानें केलेलें वर्णन कोणत्याहि असंतुष्ट पाहुण्यानें पाठ करावें असें आहे. आणि केंट परगण्यांतील कॉबहॅमचें ‘लेदर बॉटल’! प्रेमभंग होऊन जगाला राम राम ठोकण्यास निघालेला टपमन तेथें सांपडतो, तो भाजलेली कोंबडी, डुकराचें मांस व बिअर यांनीं भरलेल्या टेबलापाशीं. वाईट त्याच्या वर्णनांत नाहीं, तर त्याच्या अनुकरणांत आहे. पुढें शंभर वर्षें जो तो इनच्या शेगडीपाशीं बसून डिकन्सचाच विस्तव फुंकीत राहिला.

आगगाडीनें रिकामीं केलेलीं हीं घरें सायकलीनें पुन्हा भरूं लागलीं. सायकलस्वारांचा संघ १८७८ त स्थापन झाला, आणि त्यानें पसंत केलेल्या इनवर पंखयुक्त चाकाची खूण झळकूं लागली. या नव्या पाहुण्यांत बायकाहि होत्या, आणि त्यांतून एक खटला उभा राहिला. सन १८९८ च्या ऑक्टोबरांत लेडी हार्बर्टन ही बाई सायकलीवरून सरे परगण्यांतील ऑकहॅम येथील ‘हॉटबॉय’मध्यें जेवण्यास उतरली. घोळदार झग्याऐवजीं तिनें सैल विजार घातली होती. स्त्रियांच्या पोशाखाच्या सुधारणेच्या चळवळींतील ती पुढारीच होती. मालकिणीनें तिला भोजनाच्या खोलींत बसविण्याचें नाकारलें आणि जेथें पुरुष धूम्रपान करीत होते त्या दारूच्या खोलीकडे बोट दाखविलें. खटला सायकलस्वारांच्या संघानें चालविला. येथें हें सांगितलें पाहिजे कीं इंग्रजी कायद्यांत इन म्हणजे नुसतें दुकान नव्हे. जागा असतां, आणि येणारा पैसे देण्यास तयार व सभ्य स्थितींत असतां, त्याला नाकारण्याचा अधिकार इनवाल्यास फार प्राचीन काळापासून नाहीं. पाहुण्याच्या सामानाची जबाबदारीहि त्याच्याच शिरावर, आणि उलट बिल न मिळाल्यास तें सामान अडवून ठेवण्याचा हक्कहि त्याला. हॉटबॉयच्या मालकिणीनें जेवण तर देऊं केलें होतें, खोली कोणती हा प्रश्न वेगळा, असें पाहून १८९९ त पंचांनीं तिला निर्दोष ठरविलें. मोरिट्झचा सदरा आणि लेडी हार्बर्टनची विजार यांत शंभरावर वर्षें गेलीं. पारखणारी नजर तीच राहिली.

ती नजर स्वतः बोलूं लागली म्हणजे कसें वाटतें हें पाहावयाचें असेल तर जॉन फॉदरगिल याची ‘इनवाल्याची रोजनिशी’ वाचावी. हा कलाशिक्षण घेतलेला, ऑस्कर वाइल्डच्या मित्रमंडळांत वावरलेला गृहस्थ १९२२ त थेम या गांवच्या ‘स्प्रेडईगल’चा मालक झाला, थेमहि ऑक्सफर्डशायरांतच, हा योगायोग आम्हांस मोठा सोईचा झाला आहे. रोजनिशी १९३१ त प्रसिद्ध झाली. चांगलें अन्न द्यावयाचें, त्यासाठीं दूरदूरचे जिन्नस मागवावयाचे, आणि तें ज्यांना कळत नाहीं अशा पाहुण्यांस खुशाल घालवून द्यावयाचें, असा त्याचा बाणा. कांहीं न खातां पितां केवळ शौचकूपाचा उपयोग करून निघून जाणारांशीं त्याचें वैर होतें; आणि त्यांत तो अगदींच चुकला असें आम्ही म्हणणार नाहीं. पण एके ठिकाणीं तो सांगतो कीं ज्यांची तोंडें व ठेवण पाहून आपल्या भोजनगृहाची शोभा गेली असें वाटलें अशा एका मंडळीच्या बिलांत आपण दरडोई सहा पेन्स ‘तोंडाचे’ म्हणून वाढवून लावले. पुस्तक अत्यंत वाचनीय आहे. पाहुण्यांच्या शेंकडों पुस्तकांनंतर यजमानाचें एक हातीं येतें, आणि प्रथमच समजतें कीं आपण जेवीत असतांना पडद्यामागून कोणी आपणांस पाहत असतो. ऑक्सफर्डच्या हुशार पोरांना हें फार आवडलें. एव्हलिन वॉ त्याच्या चाहत्यांपैकींच. परंतु सहा पेन्सच्या त्या विनोदावर आम्हांला जितकें हंसावेंसें वाटतें तितकें हंसूं येत नाहीं, आणि त्याचें कारण रोजनिशीबाहेरचें आहे.

सन १९४३ त वेस्ट इंडीजचा विख्यात क्रिकेटपटु लीअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळण्यासाठीं पत्नी व मुलीसह लंडनच्या एका हॉटेलांत उतरला. खोल्या आधीं ठरविलेल्या होत्या. पैशाचा प्रश्न नव्हता. त्या वेळीं तो ब्रिटिश सरकारच्याच मजूर खात्याच्या कामावर होता. पण तेथें उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांस काळा मनुष्य खपणार नाहीं म्हणून त्याला एका रात्रीपेक्षां अधिक राहतां येणार नाहीं असें सांगण्यांत आलें. तो न्यायालयांत गेला, तो इनवाल्याच्या त्याच जुन्या कर्तव्याचा आधार घेऊन. आणि १९४४ त न्यायमूर्ति बर्केट यांनीं निकाल त्याच्या बाजूनें दिला. भरपाई पांच गिनी! पुढें १९६५ च्या कायद्यानें हॉटेलें, भोजनगृहें आणि पब यांतून वर्णावरून भेदभाव करणें बेकायदा ठरलें. तोंडावरून सहा पेन्स लावणें ही थट्टा आणि तोंडावरून दार दाखविणें हा अन्याय, यांत अंतर आहे हें खरें. पण तें अंतर कोणाच्या तोंडाविषयीं बोलणें चाललें आहे त्यावर अवलंबून असतें, हें आमच्या वर्णाच्या वाचकास विसरतां येणार नाहीं. त्या शतकांत शिक्षणासाठीं विलायतेस गेलेल्या आमच्या तरुणांपैकीं अनेकांना दारावरची घंटा वाजवितांना हॅझ्लिटचा निबंध आठवला असेल, आणि दार उघडल्यावर मोरिट्झ.

युद्धानंतरच्या वाङ्मयांत जॉर्ज ऑर्वेलचा १९४६ सालचा एक छोटा लेख प्रसिद्ध आहे. त्यांत तो आपल्या आवडत्या पबचें वर्णन करतो: रेडिओ नाहीं, चिनी मातीचे पेले, मागें बाग, वर दुपारचें साधें जेवण, नांवानें ओळखणाऱ्या वाढपिणी, आणि शेवटीं सांगून टाकतो कीं असा पब अस्तित्वांतच नाहीं. पब शहरांतला आहे, पण हांव खेड्याचीच. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार भावला. डिकन्सच्या विस्तवावर हात शेकणाऱ्या सर्व लेखकांत एकटा ऑर्वेलच कबूल करतो कीं हा विस्तव कल्पनेंतला आहे. पुढें एका मोठ्या कंपनीनें आपल्या कितीतरी खऱ्याखुऱ्या पबांवर त्या काल्पनिक पबाच्या नांवाची पाटी लाविली, ही गोष्ट ऑर्वेलला कशी वाटली असती कोण जाणे.

स्वप्नें बाजूस ठेवून पाहुण्यांनीं एकत्र यावें आणि खरें काय मिळालें तें लिहून काढावें, ही कल्पना रेमंड पोस्टगेटची. हा समाजवादी इतिहासकार; जी. डी. एच. कोल याच्याबरोबर इंग्लंडच्या सामान्य लोकांचा इतिहास लिहिणारा. युद्धकाळापासून तेथें बाहेरच्या जेवणास पांच शिलिंगांची मर्यादा होती, ती १९५० त उठली. शिधावांटप तर १९५४ पर्यंत चाललें. या अडचणीचें निमित्त करून इनवाले जें कदन्न पुढें ठेवीत त्याविरुद्ध पोस्टगेटनें सामान्य पाहुण्यांचीच फौज उभी केली. सभासदांनीं आपल्या पैशानें, आपली ओळख न देतां जेवावें व कळवावें. जाहिरात घ्यावयाची नाहीं, फुकट ताट स्वीकारावयाचें नाहीं. त्या पत्रांतून १९५१ सालीं ‘गुड फूड गाइड’चा पहिला ग्रंथ निघाला. वाङ्मय म्हणून या नोंदींस कमी लेखूं नये. दोन-चार ओळींत सूप कसें होतें, भाजी किती शिजवून मारली होती, बिल किती झालें, हें सांगण्यास मोरिट्झचीच शिस्त लागते. तिचा दोषहि त्याच ओळींत दिसतो. ताट तेवढें उरतें. तें आणून ठेवणारी बेटी पुन्हा दिसेनाशी होते.

पोस्टगेटच्या फौजेला यश आलें, कदाचित् जरुरीपेक्षां जास्तच. सन १९९१ त लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरील ‘ईगल’नें पबांत उत्तम स्वयंपाकाची प्रथा पाडली, आणि २००१ त हेरफर्डशायरांतील टिटली या लहानशा खेड्याच्या ‘स्टॅग इन’ला मिशेलिनचा तारा मिळाला, असा मान मिळविणारा तो पहिला पब. आज अशा घरीं जेवण्यासाठीं लोक दुरून मोटारीनें येतात आणि जागा आधीं राखून ठेवितात. भाजी आतां कोणी शिजवून मारीत नाहीं. कांहीं दारांवर चिखलाचे बूट बाहेर काढून ठेवावे अशी पायीं येणारांस सूचना असते. ती वाचून आम्हांस ईटनच्या पुलावरून परत फिरणारा तो जर्मन तरुण आठवतो. त्याचें पुस्तक दोनशें पानांचेंहि नाहीं, भाषा सरळ आहे, आणि आमच्या तरुण लेखकांपैकीं जो कोणी तें मराठींत उतरवील त्याला या मासिकाचे वाचक दुवा देतील. त्यानें ‘इन’ला प्रतिशब्द शोधीत मात्र बसूं नये, ‘इन’च लिहावें.